टॉवेल कारखान्यासाठी टिकाऊ, दुरुस्त होणारे आणि शेवटी वाया न जाणारे पॅलेट कसे बनवून घ्यावेत?

तुमचा प्रश्न असा आहे: कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, सुताच्या गोदामापासून पॅकिंगपर्यंत आणि पुढे न्हावा शेवा बंदराला जाणाऱ्या कंटेनरमध्येही एकाच प्रकारचे लाकडी पॅलेट, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने किंवा ट्रॉलीने उचलायच्या फळ्यांच्या चौकटी. वर्षाला निम्मे मोडून बॉयलरखाली जातात. आता दोनशे नवे करायचेत, तर लाकडी घ्यावेत की प्लास्टिकचे, आणि कसे केले तर टिकतील?

मी चिंचोळीच्या बाजूला सतरा वर्षं पॅलेट बनवतोय, आणि बनवले त्यापेक्षा जास्त दुरुस्त केलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एकच पॅलेट दोन्ही कामांना वापरणं थांबवा. कारखान्यात फिरणारा पॅलेट रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतो, मोडला तर संध्याकाळी नीट करता येतो. कंटेनरमधून गेलेला परत येत नाही. त्याला जाड फळी आणि भारी खिळे घातले तर तो खर्च जहाजात बसून निघून जातो. उलट निर्यातीसाठी केलेला हलका पॅलेट रोज गोदामात फिरवला की दोन महिन्यांत खिळखिळा होतो. तुमचे निम्मे मोडतात त्याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

निर्यातीचं आधी आटोपतो. खरेदीदाराला विचारा की त्याला पॅलेट हवाच आहे का. टॉवेल हा वजनापेक्षा जागा जास्त खाणारा माल. खोकी थेट कंटेनरच्या तळावर रचली तर माल जास्त बसतो. पॅलेट हवाच असेल तर त्याच्या देशात चालणारं माप द्या. युरोपात १२०० × ८०० किंवा १२०० × १००० मिमी, अमेरिकेत ४८ × ४० इंच. त्या मापाचा पॅलेट तिकडे कोणीतरी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणतो. आपल्या सोयीच्या भलत्याच मापाचा पॅलेट माल उतरला की भंगारात पडतो, मग तो कितीही मजबूत असो.

आता कारखान्यातल्या पॅलेटकडे येतो, कारण टिकाऊपणाचा खरा प्रश्न तिथे आहे.

मालाच्या वजनाने पॅलेट मधोमध मोडतो असं बहुतेकांना वाटतं. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांत तसे थोडेच असतात. सगळ्यात जास्त येते ती तोंडाची फळी फुटलेली, म्हणजे जिथून फोर्कलिफ्टचे काटे आत शिरतात ती. ड्रायव्हरचा अंदाज दोन इंच चुकला की काट्याचं टोक फळीवर बसतं. त्यानंतर येतो कोपऱ्याचा ठोकळा, जागेवरून फिरलेला. तिसरी खालची फळी: हँड ट्रॉलीचं चाक तिच्यावर चढताना तिला मुळापासून उचकटतं. तिन्ही ठिकाणी पॅलेट धक्क्याने गेलेला असतो. म्हणून नवीन पॅलेट आखताना मी आधी दोन गोष्टी ठरवतो. हा मोडेल कुठे, आणि तिथला तुकडा मिस्त्री किती वेळात बदलेल. पंधरा मिनिटांच्या आत बदलता येत नसेल तर गोदामवाला तो पॅलेट कोपऱ्यात टाकतो, आणि कोपऱ्यातला पॅलेट बॉयलरकडेच जातो.

तुमच्यासाठी मी नऊ ठोकळ्यांचा, चारही बाजूंनी काटे शिरतील असा पॅलेट करीन. ठोकळ्यांऐवजी लांब रनरचा, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड दांड्यांचा पॅलेट स्वस्त पडतो, पण चारही बाजूंनी काटे शिरायला रनरला खालून खाच मारावी लागते, आणि चीर नेमकी त्या खाचेच्या कोपऱ्यातून जाते. एक रनर बदलायचा तर वरच्या-खालच्या सगळ्या फळ्या सोडवाव्या लागतात. ठोकळा एकटा निघतो.

वरच्या सगळ्या फळ्या सारख्या जाडीच्या असायची गरज नाही, पण दोन्ही बाजूंच्या तोंडाच्या फळ्यांवर हात आखडू नका. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. १६ मिमीऐवजी २२ मिमीची फळी घेतली तर लाकूड साधारण ३७ टक्के जास्त लागतं, ताठपणा मात्र अडीचपटीहून जास्त वाढतो. मी तोंडाला २२ मिमी जाडीची रुंद फळी घालतो, मधल्या फळ्या १८ च्या. तोंडाच्या फळीला लागूनच दुसरी फळी ठेवतो, मध्ये फट नाही, म्हणजे धक्का दोघींत वाटला जातो. खालच्या फळीच्या वरच्या कडा रंध्याने उतरत्या करून घ्या. ट्रॉलीचं चाक मग तिच्यावर सहज चढतं. हे काम एका फळीला मिनिटभराचं आहे आणि सगळ्यात जास्त वेळा तेच राहून जातं.

आणि मापं मोजकी ठेवा. दोनशे पॅलेटमध्ये मिळून फळीची तीन मापं आणि ठोकळ्याची दोन, एवढ्यात सगळं बसायला हवं. मग गोदामात पन्नास सुट्या फळ्या आणि वीस ठोकळे ठेवले की कुठलाही पॅलेट उभा राहतो. फळीगणिक माप बदललं तर दर वेळी करवत काढावी लागते, आणि दुरुस्ती तिथेच अडते.

खिळ्यांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मला सगळ्यात महाग धडा तिथे मिळाला.

धंद्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी एका कारखान्याला साठ पॅलेट दिले. लाकूड नुकतंच चिरलेलं, ओलं होतं. ठोकताना खिळे लोण्यात शिरावेत तसे शिरत होते आणि मला वाटलं काम छान झालं. एप्रिल-मे सोलापूरचा. लाकूड सुकलं, आकसलं, खिळ्याभोवतीची पकड सुटली. जूनमध्ये खिळ्यांची डोकी वर आली होती आणि त्यातल्या एकाने माल उतरवणाऱ्या हमालाचा तळवा फाडला. साठच्या साठ मी परत आणले. आमचे थोरले मिस्त्री तेव्हा म्हणाले, ‘मालक, खिळा फळीला धरत नाही. लाकूड खिळ्याला धरतं.’ त्या दिवसापासून ओलावा मोजायचं यंत्र लावल्याशिवाय आमच्याकडे एकही फळी ठोकली जात नाही. २० टक्क्यांच्या वर असेल तर ती परत थप्पीला, मध्ये पट्ट्या घालून सावलीत. उन्हात घाईने सुकवलं तर टोकांना चिरा पडतात.

खिळा पिळाचा किंवा रिंगांचा घ्या. गुळगुळीत खिळा धक्क्या-धक्क्याने वर सरकतो. लांबी फळीच्या जाडीच्या तिप्पट असावी: २२ च्या फळीला ६५ मिमीचा खिळा, म्हणजे चाळीसहून जास्त मिमी ठोकळ्यात जातो. दोन खिळे लाकडाच्या एकाच रेषेत ठोकू नका, मागेपुढे ठोका, आणि फळीच्या टोकापासून इंचभर आत. टोक जरा बोथट असलेला खिळा लाकूड फाडत नाही. अणकुचीदार खिळा तंतू बाजूला सारत पाचरीसारखा शिरतो आणि तिथून फळी उकलते.

इथे तुम्ही म्हणाल, इतका घट्ट खिळा ठोकला तर दुरुस्तीच्या वेळी काढायचा कसा? काढायचा नाही. पहार लावून उपटायला गेलात तर ठोकळाही फुटतो. फळी आणि ठोकळ्याच्या सांध्यात लांब पात्याची, लोखंड कापणारी इलेक्ट्रिक करवत घाला आणि खिळे तिथल्या तिथे कापा. फळी अलगद सुटते, खिळ्याचा उरलेला भाग ठोकळ्यातच राहतो. अडचण एकच, नवा खिळा त्या जुन्या तुकड्यावर आपटतो आणि वाकतो. त्यासाठी मी ठोकळा १०० मिमीपेक्षा अरुंद घेत नाही, आणि पत्र्याचा एक साचा करून ठेवलाय. त्याला दोन रंगांची भोकं आहेत: निळी पहिल्या ठोकणीची, पांढरी पहिल्या दुरुस्तीची. दोन्हींमध्ये बोटभर अंतर. दुसऱ्या दुरुस्तीला ठोकळाच नवा घालायचा. एवढ्या साध्या पत्र्याने आमच्या पॅलेटचं आयुष्य जितकं वाढलं तितकं भारी लाकडानेही वाढलं नव्हतं.

लाकूड कोणतं? आपल्याकडे वखारीत बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ मिळतं, आणि बाहेरून आलेलं पाईन. बाभूळ ठोकळ्याला उत्तम, धक्का सोसते. पण तुमच्या मालाला लागणाऱ्या फळीला बाभूळ वापरू नका. तिच्यात टॅनिन असतं. ओल लागली की लोखंडी खिळ्याशी मिळून काळा डाग पडतो, आणि पांढऱ्या टॉवेलवरचा तो डाग धुऊन जात नाही. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी टॉवेलला खिळ्यामुळे डाग लागावा याचं मला फार वाईट वाटतं. वरच्या फळ्या पाईनच्या ठेवा, खोक्याखाली कागद घाला. डाईंगच्या खात्यातले पॅलेट वेगळे ठेवा आणि ठोकळ्याच्या टोकाला रंगाचा पट्टा मारा. रसायन मुरलेलं लाकूड पॅकिंगमध्ये येऊ नये, आणि शेवटी कुणाच्या चुलीतही जाऊ नये.

निर्यातीच्या पॅलेटला आयएसपीएम-१५, म्हणजे लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय नियम लागू होतो, हे तुम्हाला माहीत असेल. लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं, आणि मग गव्हाच्या ओंबीचा शिक्का: देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी (हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवलेलं). या तापवण्याने कीड मरते, लाकूड सुकतंच असं नाही. शिक्का असलेला पॅलेटही ओला असू शकतो, आणि बंद कंटेनरमध्ये त्या ओलीने बुरशी धरते. म्हणून शिक्का बघा आणि ओलावाही मोजा. दुरुस्तीचा नियम बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. एक तृतीयांशापर्यंत भाग बदलले तर नवा तुकडा प्रक्रिया केलेलाच हवा आणि त्याच्यावर स्वतंत्र शिक्का हवा. त्याहून जास्त बदलले तर जुने शिक्के पूर्ण घासून काढायचे, सबंध पॅलेटवर पुन्हा प्रक्रिया करायची आणि नवा शिक्का मारायचा. माझ्याच हातून एकदा शिक्का नसलेली फळी लागली होती. माल भरण्याआधी एजंटच्या लक्षात आली म्हणून निभावलं, पण रचलेली खोकी सगळी उतरवावी लागली.

प्लास्टिकचा पॅलेट वाईट नाही. ओल धरत नाही, खिळा नाही, पुसून स्वच्छ होतो. पॅकिंगच्या खोलीत, जमिनीवर ठेवायला, तो मी स्वतः सुचवतो. पण पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, रॅकवर दोन कडांच्या आधाराने भरलेला ठेवलात तर तो हळूहळू खाली झुकतो. उष्णतेत प्लास्टिक नरम पडतं आणि सतत वजन असेल तर त्याचा आकारच बदलतो. अंगणात उन्हात पडून राहिला तर ठिसूळ होऊन तडकतो, आणि तडकलेल्या प्लास्टिकला फळीसारखा तुकडा लावता येत नाही. घ्यायचाच असेल तर तळाच्या पट्ट्या सुट्या निघणारा घ्या. संपूर्ण पॅलेट एकाच प्लास्टिकचा असावा: तळाला त्रिकोणात २ असेल तर एचडीपीई, ५ असेल तर पीपी. ही दोन वितळवून नीट एकजीव होत नाहीत. आत लोखंडी नळ्या घातलेल्या असतील तर त्या ओढून काढता येतात का बघा, नाहीतर जुनं प्लास्टिक दळून पुन्हा वापरात आणणारा तो पॅलेट घेणार नाही.

लाकडी पॅलेटचा शेवट सोपा असतो, आपण तो अवघड करतो. फळ्यांवर प्लायचे तुकडे चिकटवायचे, ऑइलपेंट फासायचा, ठोकळे भुशाचे दाबलेले घालायचे, की मग त्या मिश्र मालाला कोणी हात लावत नाही. नुसतं लाकूड आणि नुसते लोखंडी खिळे असतील तर चांगल्या फळ्या कापून लहान पॅलेटला लागतात, उरलेल्याचा चुरा होतो, चुऱ्यातले खिळे चुंबकाने निघतात. एक सावधगिरी बाळगा: जुन्या परदेशी पॅलेटवर एमबी असा शिक्का दिसला तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. असलं लाकूड कामगारांना घरी जळणाला देऊ नका.

शेवटचं, दोनशेची ऑर्डर एकदम देऊ नका, मलाही नाही. आधी वीस करून घ्या. एकाचे दोन्ही कर्ण मोजा, तो कोपऱ्यावर तीन-चार वेळा पाडा, पुन्हा मोजा. कर्णांत मोठा फरक पडला तर ठोकळ्यांची ठोकणी कमी पडते. एक पॅलेट दोन कडांवर ठेवून रोजच्या मालाएवढ्या वाळूच्या गोण्या एक दिवस-रात्र लादा आणि दोरी ताणून मधला झोळ बघा. बाकीचे अठरा तीन महिने कामावर फिरवा. गोदामात एक वही टांगा. पॅलेट मोडला की कोणती फळी, कोणत्या खात्यात, काट्याने की ट्रॉलीने, एवढंच लिहायचं. माझ्या अंदाजाने त्यातल्या निम्म्या नोंदी एकाच वळणावरच्या किंवा एकाच दारातल्या निघतील, आणि तिथे जमिनीवर पिवळा पट्टा मारणं जाड फळीपेक्षा स्वस्त पडेल. वही भरली की उरलेल्या एकशेऐंशींची मापं ठरवा. तोपर्यंत मोडलेले जुने पॅलेट बॉयलरकडे पाठवू नका, त्यांतले चांगले ठोकळे काढून ठेवा. ते नव्यांना लागतील.