बीजांडकोशांची अतिउत्तेजना आणि गर्भारपण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मला पीसीओडी आहे. आयव्हीएफसाठी २४ स्त्रीबीजे मिळाली. पण डॉक्टरांनी सगळे भ्रूण गोठवून ठेवले आणि या महिन्यात भ्रूणरोपण नको असे सांगितले. घरचे म्हणतात, महिना वाया गेला. हे खरोखर आवश्यक होते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : होते, आणि आपल्या डॉक्टरांच्या जागी मी असते तर हेच केले असते. स्त्रीबीजे पक्व व्हावीत म्हणून शेवटी जे ‘ट्रिगर’चे इंजेक्शन देतात, ते पुष्कळदा एचसीजीचे, म्हणजे गर्भारपणात तयार होणाऱ्या संप्रेरकाचे असते. शरीरातले स्वतःचे एलएच, म्हणजे एरवी बीज पक्व करणारे संप्रेरक, रक्तातून लवकर ओसरते, एचसीजीचा अंमल मात्र काही दिवस टिकतो आणि त्याच्या प्रभावाखाली मोठे झालेले बीजांडकोश व्हीईजीएफ नावाचे द्रव्य सोडतात, ज्यामुळे केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी पोटात, कधी छातीतही साठते आणि मागे उरलेले रक्त घट्ट होते. यालाच ओएचएसएस, म्हणजे बीजांडकोशांची अतिउत्तेजना म्हणतात. पीसीओडी, कमी वय आणि वाढलेले एएमएच (बीजांडकोशातला बीजांचा साठा दाखवणारे संप्रेरक) असणाऱ्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो.

अशा वेळी गर्भ राहिला तर शरीर स्वतःच एचसीजी तयार करू लागते आणि आगीत तेल पडते. म्हणून अँटॅगॉनिस्ट पद्धतीने (बीज वेळेआधी सुटू न देणारी औषधे वापरून) उपचार करणे, एचसीजीऐवजी अ‍ॅगोनिस्टचा (शरीराला स्वतःचे एलएच सोडायला लावणाऱ्या औषधाचा) ट्रिगर देणे आणि भ्रूण गोठवून ठेवणे हा आज सर्वांत भरवशाचा मार्ग मानला जातो. गोठवलेला भ्रूण एकदोन महिन्यांनी, बीजांडकोश पूर्ववत झाल्यावर वापरता येतो. तोवर तो थांबून राहतो, शिळा होत नाही. सासूबाईंना हवे तर एवढेच सांगा.

प्रश्न : स्त्रीबीजे काढल्यानंतर मला काहीच त्रास झाला नव्हता. पाचव्या दिवशी भ्रूणरोपण झाले. चाचणी पॉझिटिव्ह आली आणि त्याच आठवड्यात पोट फुगले, दम लागू लागला. रुग्णालयात दाखल करून पोटातले पाणी काढले. माझ्या बाळाचे काय होणार? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याला झाला तो उशिरा येणारा प्रकार. ट्रिगरनंतर नऊ दिवसांच्या आत सुरू होणारा त्रास इंजेक्शनामुळे होतो. दहाव्या दिवसानंतरचा बहुधा गर्भारपणामुळेच होतो, आणि म्हणूनच तो अधिक काळ रेंगाळतो. जुळे असेल तर त्याची तीव्रता वाढू शकते. गर्भ राहिला नसता तर पाळी येईपर्यंत बहुधा सगळे ओसरले असते. आपल्याला काही आठवडे लागतील.

बहुतेक गर्भारपणे यातून सुखरूप पार पडतात. सोनोग्राफीच्या नजरेखाली सुईने पोटातले पाणी काढल्याने गर्भाला धोका पोहोचत नाही, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते हेपॅरिन वारेतून बाळापर्यंत जात नाही. ते इंजेक्शन पहिली तिमाही संपेपर्यंत चालू ठेवावे लागू शकते, त्यामुळे बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. या आजारातल्या गुठळ्या पायांपेक्षा मान आणि हात यांच्या शिरांमध्ये अधिक आढळतात, आणि त्रास ओसरल्यावरही काही आठवड्यांनी होऊ शकतात. सकाळी उठल्यावर मानेची एक बाजू दुखते, किंचित सुजली आहे, तर ‘उशी चुकली’ म्हणून मलम चोळत बसू नका.

गर्भपाताचे प्रमाण वाढते का, याबाबत अभ्यासांमध्ये एकवाक्यता नाही. गर्भारपणात रक्तदाब वाढण्याची, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाची, आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची शक्यता मात्र थोडी जास्त असू शकते. म्हणून माहेरी प्रसूतीला जाणार असाल तर रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत दाखवा. मोठा झालेला बीजांडकोश पीळही खातो. पोटात एका बाजूला अचानक जोराची कळ येऊन उलट्या झाल्या, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

प्रश्न : घरी काय पाहावे? मला कोणी सांगितले की भरपूर पाणी प्यावे आणि बिछान्यातून उठू नये. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. तहानेनुसार प्यावे, दिवसाला दोन-अडीच लिटर पुरे. घरातल्या घरात हिंडत राहावे, कारण पडून राहिल्याने गुठळ्यांचा धोका वाढतो. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करावे आणि बेंबीच्या पातळीवर टेपने पोटाचा घेर मोजून कागदावर लिहावा. काल सैल असलेली परकराची नाडी आज रुतते, हीदेखील नोंदच आहे. दिवसात किलोभर वजन वाढले, लघवी कमी झाली, ती गडद दिसू लागली, उलट्या थांबेनात किंवा आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, कारण त्यांचा भार आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांवर पडतो. सूज दिसते म्हणून घरात पडलेली लघवीची गोळी तर मुळीच घेऊ नये. पाणी शरीरात आहे, पण रक्तवाहिन्यांच्या बाहेर, आणि त्या गोळीने आतले रक्त आणखी आटते.

प्रश्न : केवळ गोळ्या घेऊन हे होते का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : बीजे वाढवण्यासाठी देतात त्या क्लोमिफिनसारख्या गोळ्यांनी सौम्य त्रास होऊ शकतो, तीव्र प्रकार क्वचित. तरीही उपचाराच्या पहिल्या महिन्यात सोनोग्राफी करून किती बीजपुटिका (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या पिशव्या) वाढल्या ते पाहून घ्यावे.