मोडेम गेला कुठे?

प्रश्न : केबलवाल्याने फायबरचा मोडेम दाराच्या वर ठोकून दिलाय. वायफाय आतल्या खोलीत पोचेना म्हणून जावयाने हॉलमध्ये वेगळा राउटर लावला. नेट मस्त चालतं, फक्त जोराचा पाऊस लागला की तुटतं. मोडेमच्या पानावर प्रकाशाची पातळी दिसते असं कळलं, पण १९२.१६८.१.१ टाकलं की राउटरचंच पान उघडतं. मोडेमपर्यंत जायचं कसं?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : मोडेम आणि राउटर, दोघांचा पत्ता एकच असणार. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले, त्यामुळे बरीच यंत्रं कारखान्यातूनच १.१ घेऊन निघतात. आमच्या गिरगावात समोरासमोर दोन चाळी, दोन्हींत खोली नंबर अकरा. आमच्या चाळीतल्या पोराला 'अकरा नंबरला डबा दे' म्हटलं तर तो रस्ता ओलांडून कशाला जाईल?

म्हणून आधी राउटरच्या लॅन (म्हणजे घराकडच्या बाजूच्या) सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). राउटर पुन्हा सुरू झाला की फोनचं वायफाय बंद-चालू करा आणि १९२.१६८.१.१ पुन्हा टाकून बघा.

एवढ्यानेच काम झालं तर उत्तम. मला मात्र शंका आहे, आणि ती तुमच्या 'नेट मस्त चालतं' या शब्दांवरूनच. मोडेम स्वतः पत्ते वाटत असता, तर दोन्ही बाजूंना १.१ असताना राउटर गोंधळला असता, नाहीतर त्याने आपला पत्ता आपणच बदलला असता. म्हणजे तुमचा मोडेम बहुधा 'ब्रिज'मध्ये आहे, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता नुसता पुलासारखा आलेलं पुढे पाठवतो. राउटरच्या वॅन (म्हणजे कंपनीकडच्या बाजूच्या) पानावर 'पीपीपीओई' (राउटरनेच युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीशी जोडून घ्यायची पद्धत) आणि युजरनेम दिसलं की खात्री समजा. तेव्हा राउटरकडून निघालेलं सगळं थेट कंपनीकडे जातं. मोडेम वाटेतच असतो, पण फास्ट लोकल सायनला थांबते का?

थांबवायची सोय काही राउटरमध्ये असते. पीपीपीओईच्याच पानावर 'सेकंडरी कनेक्शन' शोधा, त्यात 'स्टॅटिक' निवडून १९२.१६८.१.२ आणि मास्क २५५.२५५.२५५.० भरा. आता राउटरला मोडेमच्या बाजूचाही एक पत्ता मिळाला. पन्नासचा बदल मात्र त्याआधी झालेला हवा.

ती सोय नसेल तर स्टुलावर चढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून लॅनची वायर मोडेमच्या रिकाम्या भोकात घाला, लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.१० पत्ता द्या, गेटवे कोराच ठेवा. काम झाल्यावर पत्ता पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर आणायला विसरू नका. मी विसरलो होतो आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप बिघडला म्हणून घरभर बोंब मारली होती.

पासवर्ड मोडेमच्या बुडाच्या स्टिकरवर असतो. तो चालला नाही तर केबलवाल्याला विचारा, पण टाचणीने रिसेटचं भोक दाबू नका. कंपनीने भरलेली सेटिंग पुसली जातात आणि मग चालतं नेटही जातं.

आत 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' नावाखाली 'आरएक्स पॉवर', म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी, दिसेल. साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) ही चालण्याची हद्द. कोरड्या दिवशीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पावसात पुन्हा बघा. तीनने घसरला तर प्रकाश निम्मा झाला. नेट पुरतंच गेलं आणि मोडेमवर 'एलओएस'चा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकतोय, तर आत शिरायचीही गरज नाही, प्रकाशच येत नाहीये.

केबलवाल्याला 'नेट स्लो आहे' म्हणू नका, आकडा सांगा. 'स्लो आहे'वर आम्हाला चार वेळा 'मोडेम बंद करून चालू करा' ऐकावं लागलं. 'उणे २९ दाखवतोय' म्हटल्यावर माणूस त्याच संध्याकाळी आला, सरळ गच्चीवर गेला, आणि जोडाच्या डबीत साठलेलं पाणी ओतून खाली आला.