एम-१ कार्बाइन (दुसऱ्या महायुद्धातली हलकी अमेरिकी रायफल): सुटे भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर

आधी मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर बंद करणारा भाग) मागे ओढा, चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मगच पुढचं.

भागांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे शिक्के दिसले म्हणून बंदूक नाकारू नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत दहा मुख्य कंत्राटदारांनी मिळून ६० लाखांहून जास्त कार्बाइन बनवल्या. सगळे भाग अदलाबदल होतील असेच होते आणि कंपन्या ते एकमेकींना पुरवायच्या. त्यातल्याच क्वालिटी हार्डवेअर कंपनीच्या कार्बाइनवर तर बॅरल (नळी) दुसऱ्या कंपनीचीच असायची! युद्धानंतर शस्त्रागारांत दुरुस्ती झाली तेव्हा एकत्र राहिलेले उरलेसुरले मूळ भागही वेगळे झाले. लाकडी दस्त्यावर 'एए' शिक्का असेल, तर ती ऑगस्टा शस्त्रागारातून आलेली.

मूळ कंपनी रिसीव्हरवरून (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य धातूचा भाग) ठरते, कारण बंदुकीचा नंबर फक्त त्याच्यावर असतो. नंतर बसवलेल्या मोठ्या मागच्या साइटखाली (नेम धरायचा भाग) कंपनीचं नाव बरेचदा झाकलं जातं. टॉर्च तिरका धरून वाचा, साइट ठोकून काढू नका. बॅरलवर महिना-वर्ष असेल तर ते पुढच्या साइटच्या मागे सापडतं; काही बॅरलवर ते नसतंच. ही तारीख रिसीव्हरच्या नंबराच्या काळापेक्षा बरीच पुढची असेल, तर बॅरल बदललेली आहे. १९४३ च्या बंदुकीवर संगीन अडकवायचा पट्टा दिसला तर तोही नंतरचाच.

बंदूक हळूच पुढे-मागे कलती करा: गॅस पिस्टन (गोळीच्या वायूने यंत्रणा मागे ढकलणारा छोटा दट्ट्या) टिकटिकला पाहिजे. अडकला असेल तर गंज किंवा काजळी साचलीय. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांत काडतुसासाठी राहणारी जागा, गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडू नका. बोल्ट बदललेला असतो तिथे गडबड निघू शकते.

आणि 'जुळते' (एकाच कंपनीचे) भाग विकत घेऊन ती सजवू नका. शस्त्रागाराने जोडलेली बंदूक खरी आहे, तुम्ही जुळवलेली नसेल.