पहिला एफपीजीए गोविनचा घेऊ का?

घ्या की, बिनधास्त. एफपीजीए म्हणजे आतलं सर्किट आपण कोड लिहून ठरवतो अशी चिप, आणि गोविन ही ती बनवणारी कंपनी. फक्त सुटी चिप नको, बोर्डच घ्या. सायपीड कंपनीचा टँग नॅनो ९के पुरतो: ८,६४० लट (एलयूटी, म्हणजे सर्किट ज्यांतून बनतं ते छोटे लॉजिक घटक), क्लॉकसाठी २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणि यूएसबी प्रोग्रॅमर बोर्डवरच. लटचे आकडे बघून महागाच्या मागे लागू नका. सुरुवातीला निम्मेही भरत नाहीत.

नवखे अडकतात ते इथे:
- पिनला ५ व्होल्ट देतात. चिप जाते. ३.३ च्या वर जायचं नाही, आणि काही पिना तर १.८ च्याच आहेत. जोडण्याआधी बोर्डच्या पिनांची आकृती बघा.
- सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्ट बनवताना चिप म्हणून जीडब्ल्यू१एनआर-९ निवडतात. या बोर्डला हवी असते जीडब्ल्यू१एनआर-९सी! मग कोड बरोबर असूनही बोर्ड प्रोग्रॅम होत नाही.
- सिम्युलेशन, म्हणजे बोर्डवर टाकण्याआधी कोड कॉम्प्युटरवर तपासणं, टाळतात.

गोविनच्या सॉफ्टवेअरची एज्युकेशन आवृत्ती लायसन्सशिवाय चालते, तीच घ्या. योसिस (कोडचं सर्किट करणारं मुक्त सॉफ्टवेअर), पीएलएल (क्लॉकचा वेग बदलणारा चिपमधला भाग) वगैरे नंतर बघू. आधी एलईडी लुकलुकवा, मग यूएआर्ट, म्हणजे कॉम्प्युटरशी साधा सिरीयल संवाद.