म्युझियममध्ये आधी पाटी वाचावी की आधी वस्तू पाहावी? पाटीने खरंच काही फरक पडतो का?

आधी वस्तू पाहा, मग पाटी वाचा आणि मग पुन्हा वस्तूकडे वळा. तुम्ही म्हणताय की पाट्या वाचत बसलं की दमायला होतं, आणि सोडल्या तर काही कळत नाही. दोन्ही खरं आहे. पण फरक पडतोच, आणि वाटतो त्यापेक्षा बराच जास्त पडतो.

वाघनखांचंच बघा. जुलै २०२४ मध्ये ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून साताऱ्याच्या संग्रहालयात आली. नुसती पाहिली तर एक आडवी पट्टी, बोटांत घालायच्या कड्या आणि वाकडी पोलादी नखं. ती कुणाच्या हातात होती हे पोलाद सांगत नाही, मजकूर सांगतो. आणि इथे मजकूर दोन आहेत. पहिला त्यांच्या जुन्या पेटीवरचा इंग्रजी लेख. तो म्हणतो, शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारलं ते हे वाघनख, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ते साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ यांना दिलं. अफजलखान आदिलशाहीचा सरदार, हे आपल्याकडे चौथीतलं पोरही सांगेल, पण पेटीवर तो मोगल झालाय. दुसरा मजकूर लंडनच्या म्युझियमचा स्वतःचा: १६५९ साली वापरली गेलेली वाघनखं हीच, याची खातरजमा करता आलेली नाही.

पहिलं वाचून काचेसमोर उभे राहिलात तर अंगावर काटा येतो. दुसरं वाचलंत की मन थबकतं, ग्रँट डफपर्यंत ती पोचली कशी हा प्रश्न पडतो. मला वाटतं हे दोन्ही मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरांत, शेजारी-शेजारी हवेत. शंका लिहिल्याने महाराजांचा मान तसूभरही कमी होत नाही, आणि बघायला आलेल्या माणसाला शहाणं समजल्यासारखं होतं.

पाटीची ताकद सगळ्यात स्वच्छ दाखवली ती अमेरिकेतल्या फ्रेड विल्सन या कलावंताने. १९९२ मध्ये बाल्टिमोरच्या मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांना आपला संग्रह नव्याने मांडायला दिला. एका काचेच्या कपाटात त्यांनी चांदीची नक्षीदार भांडी ठेवली आणि त्यांच्यामध्ये गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. सगळ्याला मिळून पाटी एकच: ‘धातुकाम, १७९३–१८८०’. तिच्यात एकही खोटा शब्द नाही, कुणावर आरोप नाही. पण चांदी मिरवायची आणि बेड्या कोठारात ठेवायच्या हे कुणीतरी ठरवत आलंय, हे तिथे उभ्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. पाटीवर मजकूर मोठा असावा लागतो असं मानणाऱ्यांनी हे कपाट लक्षात ठेवावं.

आपल्याकडे जुन्या घरगुती वस्तूंच्या दालनात बऱ्याचदा ‘अडकित्ता, पितळ, १९ वे शतक’ एवढ्यावरच भागवलेलं असतं. घडवणारा कोण, कुठल्या गावचा, कुणाच्या पानदानात तो असायचा, यातलं काही नाही. मग माणसं दहा अडकित्ते दहा सेकंदांत ओलांडतात. अशा दालनात घरातलं वडीलधारं माणूस बरोबर न्या, ते पाटीपेक्षा जास्त बोलेल.

दमायला होतं त्यावर उपाय साधा आहे: सगळ्या पाट्या वाचू नका. प्रत्येक दालनात दोन-तीन वस्तू निवडा. हे कशाचं आहे, कशासाठी असेल, कुठे झिजलंय, हे आधी स्वतः ताडा. मग पाटीत मुख्य म्हणजे वस्तू तिथवर कशी आली ते शोधा: भेट, खरेदी, उत्खनन की लूट? ‘बहुधा’ किंवा ‘असे मानले जाते’ दिसलं तर तिथे थांबा, बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच असते. आणि पाटी गुडघ्याच्या उंचीवर असेल, अक्षर मुंगीएवढं असेल किंवा मराठी मजकूरच नसेल, तर बाहेर पडताना अभिप्रायवहीत दालनाचं नाव घालून तसं लिहा. ‘छान संग्रह’ लिहिणारे पुष्कळ असतात.