वाचक विचारतात : रिॲलिटी शो पूर्वीसारखे का रंगत नाहीत?

प्रश्न : रिॲलिटी शोमध्ये बरेच काही ठरवून घडवले जाते, हे ठाऊक असूनही लोक ते इतक्या आवडीने का पाहत होते? आणि आजही असे कार्यक्रम भरपूर असताना त्यांची पूर्वीसारखी चर्चा का होत नाही?

उत्तर : प्रेक्षक फसत होता म्हणून हे कार्यक्रम चालले, असे मला वाटत नाही. समोरच्या बनावातून एखादा खरा क्षण केव्हा निसटतो, याची वाट पाहण्यातच त्याला गोडी होती. 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झाले, तेव्हा एका बंद घरात राहायला आलेल्या माणसांवर रात्रंदिवस कॅमेरे रोखलेले होते आणि त्याची त्यांना पूर्ण कल्पना होती. परंतु अष्टौप्रहर सावध राहणे कोणालाच जमत नाही, त्यामुळे काही दिवस उलटले की माणूस खरकट्या भांड्यांवरून हमरीतुमरीवर येतो, पाठीमागे चहाड्या करतो, पांघरूण डोक्यावर ओढून रडतो. पटकथेबरहुकूम चालणाऱ्या मालिकेत हे सहसा सापडत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ या दुर्गम बेटावर तग धरण्याच्या स्पर्धेच्या पहिल्या पर्वाचा अंतिम भाग 5 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. वाहिन्यांना तर हे सोन्याहून पिवळे होते : नामवंत नटांचे मानधन नको, लेखकांची फौज नको, आणि 2007-08 मध्ये अमेरिकेतील पटकथालेखकांनी संप पुकारला, तेव्हा मोकळे पडलेले तास भरायला हेच कार्यक्रम हाताशी होते.

घसरणीचे खापर बहुतेक जण मोबाइलच्या माथी फोडतात. ते काही अंशी खरे आहे. अनोळखी माणसाच्या संसारात डोकावण्याची हौस आता खिशातल्या पडद्यावर केव्हाही आणि फुकटात भागते. शिवाय एकाच रात्री सगळ्यांनी एकच भाग पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वाद घालायचा, ही सवयही मोडली. ‘अमेरिकन आयडल’ या गाण्याच्या स्पर्धेचा 2003 चा अंतिम भाग सुमारे 3 कोटी 80 लाख लोकांनी पाहिला होता, 2016 मध्ये फॉक्स वाहिनीने हा कार्यक्रम थांबवला, तेव्हा अखेरच्या भागाला 1 कोटी 30 लाखांच्या आसपासच प्रेक्षक उरले होते.

माझ्या मते मात्र मोठे कारण कार्यक्रमांच्या आतच आहे. पहिल्या पर्वातील स्पर्धकांना आपण नेमके कशात उतरलो आहोत, याचा अंदाज नव्हता. आजचा स्पर्धक आधीची सगळी पर्वे कोळून प्यायलेला असतो. कोणत्या भांडणाची क्लिप फिरेल, कोणत्या अश्रूंना सहानुभूती मिळेल आणि बाहेर पडल्यावर जाहिराती पदरात पडायला किती फॉलोअर लागतील, याचे गणित मांडूनच तो आत पाऊल टाकतो. गाण्याच्या स्पर्धांनाही हा रोग जडला आहे. स्पर्धकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या हलाखीची चित्रफीत दाखवली जाते, परीक्षकांचे डोळे पाणावतात, आणि सूर लागला की नाही, हा मुद्दा मागे पडतो. नकळत निसटण्याजोगे काही उरलेच नाही, तर प्रेक्षक वाट तरी कशाची पाहणार?

प्रश्न : संकलनातली चलाखी सामान्य प्रेक्षकाला ओळखता येते का?

उत्तर : बऱ्याचदा येते. स्पर्धक एकटाच कॅमेऱ्यासमोर बसून मनातले सांगतो, ते तुकडे नीट पाहावेत. ही मुलाखत पुष्कळदा घटना घडून गेल्यावर घेतलेली असते, तरी ‘मला आत्ता राग येतोय’ असे वर्तमानकाळात बोलायला सांगतात, आणि विचारणाऱ्याचा आवाज कापता यावा म्हणून प्रश्न उत्तरातच गुंफायला लावतात. वाक्य अर्ध्यावर असताना बोलणाऱ्याचा चेहरा पडद्यावरून गेला, त्या जागी दुसऱ्याच कोणाचा दचकलेला चेहरा आला आणि त्याच वेळी आवाजाची पट्टी किंचित बदलली, तर निरनिराळ्या वेळी उच्चारलेले शब्द एकत्र जोडले असण्याचा संभव बराच असतो. तो दचकलेला चेहरा तरी त्याच प्रसंगातला आहे का, हे ताडायचे असेल, तर मागच्या खिडकीतला उजेड, हातातला पेला आणि केसांची ठेवण पाहावी. (ही खोड एकदा लागली की कथानकाकडे लक्ष राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

प्रश्न : सहभागी होणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याची जबाबदारी कोणाची?

उत्तर : ती वाहिनीची आणि निर्मात्यांची असायला हवी. ब्रिटनमध्ये 2019 साली ‘द जेरेमी काइल शो’ हा लोकांची घरगुती भांडणे स्टुडिओत मांडणारा कार्यक्रम एका सहभागी व्यक्तीच्या मृत्यूनंतर बंद करण्यात आला. 2021 पासून तेथील प्रसारण नियामक ऑफकॉमच्या नियमांनुसार, ज्यांना कार्यक्रमामुळे गंभीर हानी पोहोचण्याचा धोका आहे, अशा सहभागींची योग्य काळजी घेणे वाहिन्यांना बंधनकारक आहे. अशा कार्यक्रमात जाऊ पाहणाऱ्याने मानधनाची बोलणी करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : चित्रीकरणाच्या काळात समुपदेशक उपलब्ध असेल का, आणि भाग प्रसारित झाल्यानंतर ती मदत किती महिने सुरू राहील. दुसरी अधिक महत्त्वाची, कारण टीकेचा भडिमार सुरू होतो तो प्रसारणानंतर, आणि तोवर निर्मात्यांची मंडळी पुढच्या पर्वाच्या तयारीला लागलेली असतात.