पगार कापला तरी खर्च का उतरत नाही : आमचा २०२० चा धडा

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. पगार पाव हिस्सा कापला, घरखर्च मात्र जेमतेम दोन हजारांनी उतरला, मग पैसा जातो कुठे? २०२० मध्ये इंदूरला, राजेंद्रनगरच्या आमच्या घरात रोज रात्री ताटावर हाच विषय असायचा.

हिशोबाची वही, बाहेरचं खाणं बंद वगैरे बाकीचे सांगतीलच. भाडं, शाळेची फी, हप्ते, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या यांना तुमच्या पगाराशी काही देणंघेणं नसतं. सगळी कात्री भाजी-दुधावर चालते, आणि तिथे कापायला असतं किती? आम्ही साजूक तूप निम्म्यावर आणलं, पण ताटातली लसूण शेव एक दिवस सुटली नाही. सुटू देऊही नका, असं आपलं माझं मत. मोठ्या हौशी मारल्या की एखादी छोटी लागतेच, नाहीतर पंधरा दिवसांत सगळा नेम मोडतो.

आता आमची घोडचूक. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती, क्रेडिट कार्डाच्या बिलालाही. आमच्या कार्डावर ४० हजार बाकी. फोन लावला, तर पलीकडून गोड आवाजात, ‘मॅडम, अभी कुछ नहीं भरना है, कोई चार्ज नहीं लगेगा.’ चार्ज म्हणजे लेट फी, व्याज त्यात नाही, हे मला कुठे ठाऊक! व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पहिल्याच महिन्यात १,४०० आणि वर २५२. ते बाकीत मिसळत गेलं. एक पैशाची खरेदी न करताही सहा महिन्यांत ५१ हजारांच्या घरात गेलं असतं.

आणि आम्ही तर खरेदी केली! बिल भरायचं नाही म्हणून खात्यात पैसे दिसत होते ना. जुनी बाकी थकलेली असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. डाळ-तांदूळसुद्धा आम्ही व्याजाने खाल्ले. शाखेत तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळा ‘कार्डवाला डिपार्टमेंट अलग है’. पुढे सरकारने व्याजावरच्या व्याजाचा फरक परत दिला, त्यात फार तर शेवेचा खर्च निघाला.

(मी बँकवाली नाही, प्रत्येक कार्डाचे दर वेगळे, आपलं बिल बघून घ्या. तक्रार मात्र लेखीच करा. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी फोनवर भांडत बसले.)

त्यानंतर हे सियागंजात किराण्याला लिफाफा घेऊन जायला लागले, वर पेन्सिलीने ३,५०० लिहिलेलं. दुकानदार ‘भिया, काजू अच्छा आया है’ म्हणत पुडा पुढे करायचा. हे लिफाफ्यात डोकवायचे आणि पुडा परत सरकवायचे. फोनने पैसे दिले असते तर तो पुडा घरी आलाच असता. आणि हो, बिस्किटं घेताना पुड्याची किंमत सोडून वजन वाचा, पाच रुपये तेच राहतात आणि आतला माल घटतो.

तुम्ही पोस्टमध्ये कार्डाबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. मागच्या तीन बिलांना पूर्ण रक्कम भरलीत, की ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलावर लिहिलेली कमीत कमी रक्कमच?